कुठून घेतलं ते नीट सांगा: प्रबंध लिहिणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की प्रोजेक्ट, डेझर्टेशन, पीएचडी वगैरे लिहिताना संदर्भ द्यायला नि फॉरमॅटिंग करायला कुठे अडतं ते कळवा. भरपूर मेल आले, बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय म्हणून फक्त ठिकाण दिलंय.

ताई, मी एम. ए. समाजशास्त्र करतेय. गाईड मॅडम म्हणतात एपीए वापर, सिनियर म्हणतात एमएलए पण चालतं, आणि लायब्ररीतले जुने थिसिस बघितले तर प्रत्येकात वेगळंच काहीतरी. यातलं बरोबर कुठलं? (मुलुंड)

सगळ्याच बरोबर आहेत, फक्त एका पेपरात एकच चालते. एपीए ही अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची पद्धत, १९२९ साली फक्त सात पानांचा लेख म्हणून सुरू झाली, आता सातवी आवृत्ती चालू आहे, ती २०१९ च्या शेवटी आली. एमएलए भाषा-साहित्यवाल्यांची, तिची नववी आवृत्ती २०२१ ची. इतिहासवाले बरेचदा शिकागो पद्धत धरतात, ती तर १९०६ पासून आहे. मेडिकलवाल्यांची व्हँकूव्हर म्हणजे नुसते नंबर, १९७८ मध्ये मेडिकल जर्नल्सचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जमले होते त्यावरून नाव पडलं.

यात कुठली भारी असं काही नसतं, पण फरक उगाच केलेले नाहीत हे समजून घे. एपीएत कंसात आडनावाला लागून वर्ष येतं कारण समाजशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयात संशोधन कधीचं आहे याला महत्त्व, १९८० चा आकडा नि २०२० चा आकडा एका मापाने मोजता येत नाही. एमएलएत आडनावाला लागून थेट पान नंबर येतो, वर्ष मागच्या यादीत, कारण कवितेच्या किंवा कादंबरीच्या अभ्यासात नेमकी ओळ कुठली ते आधी हवं असतं. एवढं कळलं की पाठांतर अर्धं कमी होतं बघ.

आणि संदर्भ कशासाठी देतो हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं होतं. घरी येणाऱ्याला आपण नुसतं दादरला उतर असं सांगत नाही ना, ईस्ट की वेस्ट, कुठली गल्ली, कुठली बिल्डिंग, कितवा मजला सगळं सांगतो, तेवढंच इथे करायचंय, तुझा पेपर वाचणारा माणूस तुला फोन न करता त्याच पानावर पोचला पाहिजे. कॉमा कुठे नि इटॅलिक कुठे हे नंतरचं, ते पण करायचंच आहे, पण पान नंबरच नसेल तर सुंदर कॉमा देऊन काय उपयोग.

तुझ्यापुरतं सांगायचं तर मॅडम एपीए म्हणतात ना, तेच धर, आणि डिपार्टमेंटचं सर्क्युलर असेल तर ते मागून घे. एक मात्र बघ, नेटवर सहाव्या आवृत्तीच्या पीडीएफ अजून फिरतायत. सातवीत प्रकाशकाचं गाव काढून टाकलंय, आणि तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव नि पुढे "आणि इतर" असं लिहायचं असतं, सहावीत असं नव्हतं. सिनियरचा थिसिस बघून कॉपी करशील तर हे सगळं जुनं उतरेल.

इतिहासात पीएचडी करतोय, विषय एकोणिसाव्या शतकातली मुंबईतली छापील मराठी पुस्तकं नि वर्तमानपत्रं. पुस्तकावर शके असतं, कधी लेखकाचं आडनावच नसतं, कधी पहिलं पानच फाटलेलं. हे कुठल्याच इंग्रजी गाईडमध्ये नाही. काय करावं? (डोंबिवली)

या प्रश्नासाठी तुमचे खरंच आभार, कारण इंग्रजी गाईडं लिहिणाऱ्यांच्या समोर आपली पुस्तकं कधी नव्हतीच, मग आपली मुलं नाइलाजाने शके १८०० ला सरळ इसवी सन १८०० करून टाकतात आणि पुढचा संशोधक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी चुकतो.

शकेचं गणित असं आहे. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ७८ मिळवायचे, आणि १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत असेल तर ७९. म्हणजे शके १८०० चैत्र असेल तर १८७८, पण शके १८०० फाल्गुन असेल तर १८७९. पुस्तकावर महिना दिलाय का ते नीट शोधा, प्रस्तावनेखाली बऱ्याचदा मिती असते. महिना नसेलच तर अंदाज लावू नका, "शके १८०० [१८७८-७९]" असं लिहा, चौकोनी कंस म्हणजे हे पुस्तकावर नाही, मी काढलंय असं वाचणाऱ्याला कळतं. पुस्तकावर जे छापलंय ते आधी नि आपली भर कंसात, हा क्रम मोडायचा नाही. मुंबईत गुजराती पुस्तकं पण बघावी लागतील तुम्हाला, तिथे विक्रम संवत असतो, त्यांचं वर्ष दिवाळीनंतर कार्तिकात बदलतं म्हणून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करायचे नि जानेवारी ते दिवाळी ५६.

नावांचं म्हणाल तर पुस्तकावर जसं नाव आहे तसंच घ्यायचं. आडनाव असेल तर आडनाव आधी. नसेल, नुसतं नाव नि बापाचं नाव असेल तर नाव आहे तसं ठेवा, मागाहून दुसऱ्या पुस्तकातून आडनाव सापडलं तर ते चौकोनी कंसात. संतांना आडनाव लावायच्या फंदात पडू नका, तुकाराम हे तुकाराम म्हणूनच यादीत येतात. टोपणनावाचं पण तसंच, "विशाखा" कुसुमाग्रज या नावाने आलं तर यादीत कुसुमाग्रज, आणि "नटसम्राट" वि. वा. शिरवाडकर या नावाने आलं तर यादीत शिरवाडकर. माणूस एकच असला तरी दोन ठिकाणी नोंद होईल, होऊ द्या, फक्त एकीकडे "शिरवाडकर पण पाहा" अशी ओळ टाका.

पहिलं पान फाटलं असेल तर त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधायची, यासाठी मुंबईसारखं शहर नाही. नायगावला, दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, संस्था १८९८ ची. फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे, ती १८०४ पासूनची, आणि त्यांचा ग्रंथ संजीवनी नावाचा डिजिटल संग्रह पण आहे, घरबसल्या बघता येतो. दोन प्रती समोर ठेवल्या की एकीत नाही ते दुसरीत बरेचदा मिळून जातं. नाहीच मिळालं तर "प्रकाशन वर्ष नाही" असं लिहायला अजिबात लाजू नका, आणि प्रत कुठल्या ग्रंथालयात कुठल्या दाखल क्रमांकाखाली बघितली तो नंबर द्या. दुर्मिळ पुस्तकात हा नंबर कुठल्याही स्वल्पविरामापेक्षा महत्त्वाचा.

वर्तमानपत्राला लेखक बहुतेक नसतो, तिथे पत्राचं नाव, गाव, पूर्ण तारीख, पान नि रकाना. "दर्पण" चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, त्यात इंग्रजी नि मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन रकान्यांत आहे, तर तुम्ही कुठला रकाना वाचला हे पण सांगायला हवं, कारण दोन्हीतली वाक्यं शब्दाला शब्द एकच असतील असं धरून चालता येत नाही. आणि मायक्रोफिल्म किंवा स्कॅन बघितला असेल तर तसं लिहा, मूळ कागद बघितल्यासारखं दाखवू नका.

प्रकाशनाचं गाव मात्र तुम्ही काढू नका. एपीएने काढलंय, शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत पण आता सक्तीचं नाही, पण तुमच्या विषयात पुस्तक मुंबईत छापलं की पुण्यात की रत्नागिरीत हाच तर मुद्दा आहे. तुमच्या मार्गदर्शकांना हे समजावून सांगा, ते ऐकतील.

शाळेत मराठी शिकवतो, सेमिनारसाठी पेपर लिहितोय. तुकारामांच्या गाथेतल्या अभंगाला पान नंबर द्यायचा की अभंगाचा नंबर? (गिरगाव)

दोन्ही द्या, आणि प्रत कुठली ते आधी द्या. आपल्याच मुंबईत इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ नि १८७३ साली दोन भागांत निघालेली गाथा आणि नंतरच्या इतर गाथा यांचे अभंग क्रमांक जुळत नाहीत, त्यामुळे नुसतं "तुकाराम, अभंग अमुक" लिहून कोणाला सापडत नाही. संपादक, आवृत्ती, अभंग क्रमांक आणि अभंगाचा पहिला चरण, एवढं दिलं की कुठलीही गाथा हातात असली तरी वाचणारा पोचतो. ज्ञानेश्वरीत अध्याय नि ओवी, पण तिथेही राजवाडे प्रत (वि. का. राजवाड्यांनी संपादित केलेली) नि इतर प्रतींत ओव्यांची संख्या वेगळी आहे, म्हणून प्रतीचं नाव लागतंच.

बाबासाहेबांचं "कास्ट्स इन इंडिया" मी शासनाच्या खंडात वाचलं. मग वर्ष १९१६ लिहू की १९१७ की खंडाचं? आणि अजून एक, एक छान वाक्य बाबासाहेबांचं म्हणून सगळीकडे फिरतंय, व्हॉट्सॲपवर पण आहे, ते वापरलं तर चालेल का? (चेंबूर)

पहिल्या भागाचं उत्तर आधी. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तो निबंध वाचला, मे १९१७ मध्ये "इंडियन अँटिक्वरी" मध्ये छापून आला, आणि महाराष्ट्र शासनाच्या "रायटिंग्ज अँड स्पीचेस" च्या पहिल्या खंडात तो घेतला, तो खंड १९७९ चा. तू वाचलंस खंडात, मग पान नंबर खंडाचाच येणार, म्हणून वर्ष पण खंडाचं, पण नुसतं १९७९ लिहिलं तर नवख्या वाचकाला वाटेल बाबासाहेबांनी १९७९ ला लिहिलं! एपीएत याला सोय आहे, कंसात "आंबेडकर, १९१७/१९७९" अशी दोन्ही वर्षं तिरकी रेघ मारून, आणि मागच्या यादीत खंडाची पूर्ण नोंद करून शेवटी मूळ प्रकाशन १९१७ असं. निबंध वाचला कधी ते तुझ्या वाक्यातच लिही. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर फाउंडेशनने २०१४ मध्ये हे खंड परत छापलेत, तुझ्या हातात तो असेल तर २०१४ लिही.

आता त्या फिरणाऱ्या वाक्याचं. नको वापरूस. खंडात शोध, शेवटी सूची असते, इंग्रजी खंडांच्या पीडीएफ सर्च पण होतात. सापडलं तर खंड नि पान देऊन वापर, मग कोणी बोट दाखवू शकणार नाही. नाही सापडलं तर सोडून दे, कितीही सुंदर असलं तरी. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक मुद्द्याला पुरावा दिला त्याच्या तोंडी आपण बिनपुराव्याचं वाक्य घालणं मला सहन होत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. फुल्यांच्या बाबतीत, शिवाजी महाराजांच्या बाबतीत पण हेच चाललंय.

एखादं वाक्य दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात उद्धृत केलेलं सापडलं आणि मूळ काही केल्या मिळत नाही असं झालं तर "अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत" असं सांगून जे पुस्तक तू प्रत्यक्ष वाचलंस तेच यादीत टाक. न वाचलेलं मूळ पुस्तक यादीत टाकायची सवय फार पसरलीय, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक नेमकं त्याच पुस्तकावर विचारतात.

आमच्या विभागात तळटीपांत "तत्रैव" आणि "उ. नि." लिहायची पद्धत आहे. ठेवू का? (विलेपार्ले)

"तत्रैव" म्हणजे लगेच वरच्या टीपेतलंच पुस्तक नि "उ. नि." म्हणजे आधी उल्लेख केलेलं पुस्तक. विभाग मागत असेल तर ठेवा, पण अगदी शेवटी घाला. लिहिता लिहिता परिच्छेद वर खाली होतात, मधे नवी टीप घुसते, आणि "तत्रैव" भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. मसुदा चालू असेपर्यंत प्रत्येक टीपेत आडनाव, छोटं शीर्षक, पान असं ठेवा. शिकागोने पण सतराव्या आवृत्तीपासून असंच छोटं रूप बरं असं म्हटलंय.

प्लॅगरिझम (उचलेगिरी) तपासणीच्या रिपोर्टमध्ये २३ टक्के आलेत. गाईड म्हणतात १० च्या खाली आण. एका ओळखीच्याने सांगितलं शब्द बदलून टाक, किंवा इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून टाक, सॉफ्टवेअरला कळत नाही. असं करू का? खूप टेन्शन आलंय. (विरार)

टेन्शन घेऊ नकोस, आधी रिपोर्ट उघडून बघ. तो आकडा म्हणजे चोरी किती ते नाही, इतर ठिकाणच्या मजकुराशी शब्द किती जुळले एवढंच. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सबमिशन बंद, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. पण त्याच नियमांत हे पण आहे की नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, ठरलेली सूत्रं हे सगळं वगळून मोजायचं, आणि सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने सारखे आलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे पण धरायचे नाहीत. तर लायब्ररीत जाऊन विचार की हे सगळं वगळून रिपोर्ट काढलाय का, बऱ्याच वेळा सेटिंग न लावताच काढलेला असतो आणि अख्खी संदर्भसूची लाल झालेली असते. काढून परत चालवला की कदाचित तुझे अर्धे टक्के असेच जातील.

उरलेल्या लाल ओळी एक एक करून बघ. शब्द जसेच्या तसे घेतलेत तर अवतरण चिन्हं, कंसात संदर्भ, पान नंबर. अवतरण नको असेल तर पुस्तक मिटून ठेव, काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत लिही, मग पुस्तक उघडून ताडून बघ, आणि संदर्भ तरीही दे. पुस्तक समोर उघडं ठेवून "केले" चं "करण्यात आले" करत गेलीस तर वाक्यं पण वाईट होतात नि ती उचलेगिरीच राहते.

भाषांतराबद्दल ओळखीच्याने सांगितलं ते अगदी चुकीचं आहे, आणि मला यावर थोडं जास्त बोलायचंय कारण मराठीत लिहिणाऱ्यांत हे सगळ्यात जास्त होतं. इंग्रजी पुस्तकातली चार पानं मराठीत आणली नि खाली काहीच लिहिलं नाही तर यंत्राला कळणार नाही हे खरं, पण ज्याने ते इंग्रजी पुस्तक वाचलंय त्या परीक्षकाला दुसऱ्या ओळीत कळतं, आणि कल्पना दुसऱ्याची ती दुसऱ्याचीच, भाषा बदलली म्हणून ती आपली होत नाही. उलट तू मेहनत करून भाषांतर केलंयस ना, मग ते दाखव की! अवतरणात मराठी मजकूर दे, संदर्भ मूळ इंग्रजी पुस्तकाचा, पान नंबर, आणि "भाषांतर माझे" असं लिही. यात तुझंच काम दिसतं. मराठीत विषय आणणं हे छोटं काम नाही, ते लपवायचं कशाला.

आणि पैसे घेऊन टक्के कमी करून देणाऱ्या जाहिराती असतात त्यांच्याकडे आपली फाईल बिलकुल देऊ नकोस, तुझा न छापलेला थिसिस कुठे जाईल सांगता येत नाही.

माझे आजोबा गिरणीत होते. त्यांच्या नि त्यांच्या मित्रांच्या मुलाखती मी डेझर्टेशनसाठी घेतल्यात. पुस्तक नाही, लिंक नाही, मग संदर्भसूचीत काय लिहू? (लालबाग)

तुझ्याकडे जे आहे ते कुठल्याच लायब्ररीत नाही, ते जपून ठेव, रेकॉर्डिंगची कॉपी दोन ठिकाणी ठेव.

एपीएप्रमाणे तू स्वतः अभ्यासासाठी घेतलेल्या मुलाखती संदर्भसूचीत जात नाहीत, कारण वाचणारा त्या शोधून वाचू शकत नाही. त्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात येतात, किती जणांशी बोललास, कधी, कुठे, रेकॉर्ड केलं की लिहून घेतलं, संमती कशी घेतली. मजकुरात बोलणाऱ्याची ओळख द्यायची, म्हणजे "माजी गिरणी कामगार, विभाग अमुक, वय अमुक". इतिहास विभागात असशील तर तळटीपेत मुलाखतीची तारीख नि ठिकाण द्यायचं. कोणाची मुलाखत यूट्यूबवर किंवा एखाद्या संग्रहात आधीच असेल तर मात्र तिची पूर्ण नोंद सूचीत येते.

नावं द्यायची की नाही हे त्यांना विचारूनच ठरव. आजोबा म्हणतील दे रे बिनधास्त, पण त्यांच्या मित्राने युनियनबद्दल, मालकाबद्दल, शेजाऱ्याबद्दल काहीतरी सांगितलेलं असतं नि ते लोक अजून त्याच चाळीत राहतात. नाव बदललंस तर तसं स्पष्ट लिही.

आठवणीत तारखा सरकतात. कोणी म्हणालं संप एक्याऐंशी साली सुरू झाला तर त्यांचं वाक्य बदलू नकोस, जसंच्या तसं दे, आणि तळटीपेत लिही की संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, त्या तारखेला वर्तमानपत्राचा नाहीतर पुस्तकाचा संदर्भ जोड. माणसाचं बोलणं हा एक पुरावा, छापील तारीख हा दुसरा, दोन्ही शेजारी राहू देत. बोली पण तशीच ठेव, "आमी गेलो व्हतो" ला प्रमाण मराठीत आणू नकोस. डेझर्टेशन इंग्रजीत असेल तर भाषांतर करून मूळ मराठी परिशिष्टात दे.

एआयला विचारून संदर्भांची यादी काढली, छान फॉरमॅटमध्ये आली. तशीच टाकू का? (अंधेरी)

नका टाकू. ही यादी दिसायला खरी असते, लेखक खरा, जर्नल खरं, पण त्या लेखकाने त्या जर्नलमध्ये तो लेख कधी लिहिलेलाच नाही असं होतं. प्रत्येक नोंद तपासा, १० ने सुरू होणारा डीओआय नंबर (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर डीओआयच्या साइटवर टाका, तोच लेख उघडतो का बघा, नंबर नसेल तर जर्नलच्या त्या अंकाची अनुक्रमणिका बघा. सापडला तरी वाचल्याशिवाय यादीत नको.

एआयचं वाक्यच वापरलं असेल तर ते सांगावं लागतं. एपीए म्हणतं ज्या कंपनीने ते बनवलं तिला लेखकाच्या जागी घाला, एमएलए म्हणतं एआयला लेखक धरू नका. पण त्याआधी तुमच्या कॉलेजचा नियम विचारा, काही ठिकाणी परवानगीच नाही.

नुसतं फॉरमॅटिंग सोपं व्हावं असं असेल तर झोटेरो वापरा, फुकट आहे, २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातून आलं, वर्डमध्येच बसतं नि एपीएचं एमएलए एका क्लिकवर करून देतं. मराठी पुस्तकं हाताने भरावी लागतात, आडनावाच्या रकान्यात आडनावच जातंय ना एवढं बघा, नाहीतर अख्खी यादी पहिल्या नावाने लागते.

वर्डमध्ये मराठी टाइप केलं की फॉन्टचा आकार मधेच बदलतो, पान नंबर पहिल्या पानापासून रोमन नि नंतर साधे करता येत नाहीत, संदर्भसूचीत दुसरी ओळ आत ढकलायला मी स्पेस देत बसतो आणि प्रिंटला गेलं की सगळं विस्कटतं. (कुर्ला)

स्पेस आणि एंटर मारून काहीही सरळ करायचं नाही, हे पहिलं. सूची सिलेक्ट करून कंट्रोल नि टी दाबा, दुसरी ओळ आपोआप अर्धा इंच आत जाते. नवं प्रकरण नव्या पानावर हवं तर कंट्रोल एंटर. रोमन नि साधे नंबर वेगळे हवेत तर लेआऊटमधून ब्रेक्स, त्यात सेक्शन ब्रेकचा नेक्स्ट पेज, मग दुसऱ्या भागाच्या फूटरमध्ये जाऊन लिंक टू प्रीव्हियस बंद करा आणि तिथून नंबर १ पासून सुरू करा. लिंक बंद करायची राहिली की दोन्हीकडे एकच नंबर येतो, बहुतेकांचं इथेच अडतं.

फॉन्टचं कारण असं की वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट धरतं, फॉन्टच्या खिडकीत त्याचा फॉन्ट नि आकार वेगळ्या रकान्यात असतो. तुम्ही वरचा इंग्रजीचा बदलता, खालचा तसाच राहतो. दोन्ही रकाने भरा, आणि ते स्टाइलमध्ये भरा म्हणजे सगळीकडे लागेल. कोकिळा फॉन्ट आकाराने बारीक दिसतो, तोच नंबर दिला तरी, त्यामुळे विभागाने फॉन्ट सांगितला असेल तर आकार त्याच फॉन्टसाठी सांगितलाय ना हे विचारा.

टायपिंगवाल्याकडून कृतिदेव नाहीतर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं असेल तर ते युनिकोड नाही. अक्षरं मराठी दिसतात पण आत इंग्रजी चिन्हंच असतात, सर्च होत नाही, अकारविल्हे लागत नाही, प्लॅगरिझमचं सॉफ्टवेअर पण वाचू शकत नाही, आणि शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) गेल्यावर तुमचा प्रबंध कोणालाच शब्दाने सापडणार नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि मग अख्खं एकदा वाचून काढा, जोडाक्षरं नि रफार तुटतात. प्रिंटला वर्ड फाईल देऊ नका, घरून पीडीएफ करून न्या. बाइंडिंगसाठी डावा समास मोठा ठेवायचा असतो, साधारण दीड इंच, पण आकडा सर्क्युलरमधला.

मराठी नि इंग्रजी पुस्तकं एकाच सूचीत लावायची का? (बोरिवली)

प्रबंध मराठीत असेल तर दोन वेगळ्या याद्या करा, मराठीची मराठी वर्णक्रमाने, इंग्रजीची इंग्रजीने. प्रबंध इंग्रजीत असेल तर यादी एकच, मराठी पुस्तकाचं नाव रोमनमध्ये आणि त्याला लागून चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ.

लॉ करतेय, पण पेपर पॉलिटिक्सच्या जर्नलला पाठवायचाय. निकाल आणि जीआर कसे द्यायचे? (चर्चगेट)

निकालाला पक्षकारांची नावं आणि रिपोर्टरचा, म्हणजे निकाल छापणाऱ्या मालिकेचा, संदर्भ. केशवानंद भारती खटल्यात "एआयआर १९७३ एससी १४६१" असं असतं, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरचा १९७३ चा खंड, सुप्रीम कोर्टाचा भाग, पान १४६१. पॉलिटिक्सवाल्या वाचकाला ही अक्षरं माहीत नसतात, पहिल्यांदा येईल तिथे पूर्ण लिही. निकालातलं वाक्य उचलत असशील तर कुठल्या न्यायमूर्तींच्या मतातलं ते नक्की दे, त्या खटल्यात १३ न्यायमूर्ती होते नि ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला, त्यामुळे "कोर्ट म्हणालं" एवढ्याने भागत नाही.

जीआरला विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, तारीख, आणि खाली लांबलचक संगणक संकेतांक असतो तो. लिंक बदलते, संकेतांकाने शासनाच्या साइटवर परत शोधता येतो. आणि तो जीआर नंतरच्या कुठल्या जीआरने बदलला किंवा रद्द केला नाहीये ना, ते पाठवायच्या आधी एकदा बघून घे.